मात्रेचा इतिहास : दख्खनची जीवनसत्त्वे आणि आपल्या घरातला मधुमेह

तारनाक्याला उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी राष्ट्रीय पोषण संस्थेचे आवार आहे. हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतल्या बहुतेकांनी ते बाहेरून पाहिलेले असते. आत काय चालते याची मात्र आपल्याला फारशी कल्पना नसते. आपल्या स्वयंपाकघराचा आणि औषधांच्या डब्याचा या आवाराशी फार जवळचा संबंध आहे. तो संबंध उलगडून दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. इतिहास सांगताना तो आजच्या एका घरगुती प्रश्नापर्यंत आणायचा आहे. मधुमेह असलेल्या माणसाने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात का, कोणत्या घ्याव्यात आणि किती, हा तो प्रश्न.

ही संस्था मूळची हैदराबादची नव्हे. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर येथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. कॅसिमिर फंक यांनी तो १९१२ साली वापरात आणला. पुढे त्या खोलीची ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ झाली. मॅककॅरिसन यांच्यानंतर डब्ल्यू. आर. आयक्रॉइड प्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर डॉ. व्ही. एन. पटवर्धन. पटवर्धनांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, ही प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली. १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. डाळी, भाज्या आणि धान्ये यांत कोणते जीवनसत्त्व किती, हे सांगणारे जे तक्ते आजही देशभरातले आहारतज्ज्ञ उघडतात, ते याच संस्थेच्या परंपरेतले आहेत.

संस्था दख्खनमध्ये आली तेव्हा तिच्यासमोर दख्खनचाच एक रोग उभा होता. त्याचे नाव पेलाग्रा. मान, हात, पाय अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवरची कातडी काळवंडते, खरखरीत होते व सोलते, जुलाब लागतात, माणूस उदास होतो, चिडतो आणि पुढे भ्रमिष्टासारखा वागू लागतो. युरोप-अमेरिकेत हा मका खाणाऱ्या गरिबांचा रोग म्हणून माहीत होता. १९३७ साली अमेरिकेत कॉनराड एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब-गटातले नायसिन, हे त्यावरचे उत्तर असल्याचे दाखवले होते. पण तेलंगणात मका हे मुख्य अन्न नव्हते. इथला पेलाग्राचा रोगी ज्वारीवर जगणारा होता.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना कोड्यात टाकणारी होती. मक्यातले नायसिन शरीराला सहज मिळत नाही, ज्वारीत तशी अडचण मोठी नाही. मग ज्वारी खाणाऱ्याला पेलाग्रा का व्हावा? डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये एक उत्तर मांडले. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि त्याच्या अतिरेकाने शरीरातल्या नायसिनच्या कारभारात बिघाड होतो, असे त्यांचे म्हणणे होते. या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला. पण त्यातून एक विचार पक्का झाला. एखादे सत्त्व शरीरात किती जाते एवढेच पाहून भागत नाही. त्याच्याबरोबर दुसरे काय जाते, तेही पाहावे लागते. ज्वारीची भाकरी तुमच्या-आमच्या घरांतही होती. पण तिच्या जोडीला वरण, ताक, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी होती. केवळ भाकरी आणि मिरची यांवर दिवस काढणाऱ्या शेतमजुराला पेलाग्रा झाला, भाकरीबरोबर चार पदार्थ खाणाऱ्याला झाला नाही. पुढे ताटातली ज्वारी कमी झाली, १९८३ नंतर आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोचा तांदूळ घरोघर पोहोचला आणि पेलाग्राचा रोगी विरळ झाला.

याच नायसिनची दुसरी बाजू मधुमेहाशी निगडित आहे. पेलाग्रा टाळायला रोज पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन पुरते. १९५५ साली असे दिसले की तेच नायसिन ग्रॅमच्या मापात दिले तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. मग ते हृदयरोग्यांना औषध म्हणून दिले जाऊ लागले. रोजच्या गरजेच्या शंभरपट आणि त्याहूनही अधिक अशी ही मात्रा होती. अशा मात्रेने रक्तातली साखर वाढते, हे डॉक्टरांना हळूहळू लक्षात येत गेले. २०१४ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि चीनमधील २५,६७३ माणसे होती. रोज दोन ग्रॅम नायसिन, त्याचा त्रास कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने, दिले गेले. हृदयाला अपेक्षित फायदा झाला नाही. मधुमेह असलेल्यांची साखर मात्र हाताबाहेर जाण्याचे प्रमाण वाढले आणि मधुमेह नसलेल्यांपैकीही अधिक जणांना तो जडला. ज्या जीवनसत्त्वाच्या अभावाने दख्खनचा मजूर आजारी पडत होता, त्याच जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने सुखवस्तू माणसाचा मधुमेह बिघडला.

आयुर्वेदाच्या परंपरेतून आपल्या भाषेत ‘मात्रा’ हा शब्द आला आहे. औषधाचे प्रमाण म्हणजे मात्रा आणि औषध म्हणजेही मात्रा. जीवनसत्त्व भाजीत, दुधात किंवा डाळीत असते तोवर ते अन्न आहे. ते खाऊन अतिरेक होणे कठीण. तेच गोळीत, पुडीत किंवा सुईत आले की ते औषध होते आणि मग मात्रेचा प्रश्न येतो. हैदराबादच्या संस्थेने हे स्वतः पाळून दाखवले. लहान मुलांना अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व रोखण्यासाठी १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याच संस्थेच्या कामावर उभा होता. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दोन लाख एककांचा डोस, दर सहा महिन्यांनी एकदा. अ जीवनसत्त्व यकृतात साठते, म्हणून मोठा डोस क्वचित देता येतो. आणि साठते म्हणूनच तो वरचेवर देणे धोक्याचे असते. चमच्याचे माप, दोन डोसांमधले अंतर आणि मुलाच्या नावापुढची नोंद यांना या कार्यक्रमात औषधाइतकेच महत्त्व होते. आपल्या घरात जीवनसत्त्वे घेताना या तीनपैकी किती गोष्टी पाळल्या जातात, हे प्रत्येकाने पाहावे.

आता मुंबईला जाऊ; मधुमेह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या कथेची सुरुवात तिथे होते. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. विल्स यांनी हाफकिन संस्थेत काम केले आणि असे दाखवले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावायच्या साध्या मार्माइटने, या बाया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. यीस्टमधला तो अज्ञात पदार्थ काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जात होता. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे श्रेय मात्र गोदावरीकाठच्या एका तेलुगू माणसाच्या चमूकडे जाते. येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ साली भीमवरम येथे जन्मले, मद्रासला वैद्यक शिकले आणि १९२३ साली अमेरिकेला गेले. त्यांचा एक भाऊ स्प्रू या रोगाने गेला होता. स्प्रूमध्ये आतड्यातून अन्नसत्त्वे शोषली जात नाहीत आणि माणूस झिजत जातो. लेडर्ले प्रयोगशाळेत सुब्बारावांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले आणि स्प्रूच्या रोग्यांना त्याचा गुण येऊ लागला. सुब्बाराव १९४८ साली वारले. आपल्या शेजारच्या मुलखातल्या या माणसाचे नाव आपल्या मुलांना निदान ऐकून तरी माहीत असायला हवे.

फॉलिक आम्ल हाती आल्यावर डॉक्टरांनी ते आणखी एका रक्तक्षयावर वापरून पाहिले. त्याला घातक पांडुरोग म्हणत. १९२६ साली मायनट आणि मर्फी यांनी त्यावर रोज कच्चे किंवा अर्धकच्चे यकृत खाण्याचा उपाय शोधला होता आणि १९३४ साली व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले होते. यकृत खाऊन कंटाळलेल्या रोग्यांना गोळी मिळाली तर किती बरे, असा हा विचार होता. गोळीने रक्त सुधारलेही. चेहऱ्यावर लाली आली, थकवा गेला. पण १९४६-४७च्या सुमारास एक भयंकर गोष्ट ध्यानात आली. रक्त सुधारत असतानाच काही रोग्यांचे पाय बधीर होत होते, तोल जात होता, मज्जारज्जूची हानी पुढे चालली होती. यकृतातले खरे औषध निराळे होते. १९४८ साली ते लाल स्फटिकांच्या रूपात सापडले. तेच ब-१२ जीवनसत्त्व. फॉलिक आम्लाने रक्तक्षय झाकला जात होता आणि ब-१२च्या अभावी नसा आतून झिजत होत्या.

हा धडा तीन-चतुर्थांश शतक जुना आहे. तरीही आज आपल्या घरांत तो नव्याने शिकावा लागतो आहे आणि त्याला कारण मधुमेहाचे एक अत्यंत चांगले औषध आहे.

मेटफॉर्मिनची घराणी एका युरोपीय रानवनस्पतीपर्यंत जाते. १९२२ साली डब्लिनमध्ये ते प्रथम बनवले गेले, १९५७ साली पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रोग्यांना देऊन पाहिले. अमेरिकेत ते यायला १९९५ साल उजाडले. आज भारतात मधुमेहाचे निदान झाले की बहुधा पहिली चिठ्ठी याच गोळीची असते. स्वस्त, भरवशाची, वजन न वाढवणारी अशी ही गोळी आहे. मात्र ती दीर्घकाळ घेतल्यास ब-१२चे शोषण कमी होते, हे १९६९ आणि १९७१ सालच्या शोधनिबंधांत नोंदले गेले होते. २०१० साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. सव्वाचार वर्षांहून थोडा अधिक काळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तातले ब-१२, नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, १९ टक्क्यांनी उतरले होते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे ब-१२ अधूनमधून तपासावे असे २०१७ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातले. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ साली तशीच सूचना दिली. पहिल्या नोंदीपासून या सल्ल्यापर्यंत जवळपास अर्धे शतक गेले.

उशीर होण्याचे एक कारण शरीरातच आहे. यकृतात ब-१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत काहीच जाणवत नाही. पाच-सात वर्षांनी पायाला मुंग्या येऊ लागतात आणि तोवर घरातल्या सर्वांना ‘शुगरमुळे पाय बधीर होतात’ हे ठाऊक झालेले असते. ते खरेही असते. मधुमेहाने नसा खराब होतातच. पण ब-१२च्या कमतरतेनेही नेमके तेच होते. दोन्ही त्रास एकाच पावलात असतात आणि लक्षणांवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. फरक इतकाच की ब-१२ची कमतरता वेळेत कळली तर ती भरून काढता येते. फार उशीर झाला तर हानी पुरती भरून येत नाही. साखरेच्या नावावर खपवलेला बधिरपणा तपासायचा राहून गेला, तर चालणे, तोल आणि स्मरण यांची कायमची किंमत मोजावी लागू शकते.

आपल्या समाजाला हा धोका अधिक का, याचे उत्तर पुण्यातून मिळते. ब-१२ वनस्पतीत नसते; ते दूध-दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासातून याच चमूने २००८ साली आणखी एक गोष्ट मांडली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. लूसी विल्स यांच्या मुंबईतल्या गिरणी कामगार बायांना फोलेट मिळत नव्हते. सत्तर-ऐंशी वर्षांनी पुण्याजवळच्या काही आयांना ते मुबलक मिळाले, पण त्याचा जोडीदार मिळाला नाही. ज्वारी आणि ल्युसिनच्या प्रकरणात हैदराबादला जे दिसले, तेच इथे पुन्हा दिसले. एकटे जीवनसत्त्व पाहून चालत नाही.

आता हैदराबादेतल्या आपल्या एखाद्या नेहमीच्या घराकडे पाहा. माणूस शाकाहारी आहे. मधुमेह दहा वर्षांचा, मेटफॉर्मिन तितकीच वर्षे. सकाळी उठल्यावर गॅसची गोळी, म्हणजे पोटातले आम्ल कमी करणारी; तीही दीर्घकाळ घेतली तर ब-१२चे शोषण घटवते. दुधाच्या चहापलीकडे दूध बंद, कारण साखर वाढेल अशी भीती. शिवाय कुणीतरी सुचवलेली फॉलिक आम्लाची पाच मिलिग्रॅमची गोळी, ज्याची रोजची गरज जेमतेम काही शे मायक्रोग्रॅम असते. या एका घरात १९४६ सालची ती जुनी चूक पुन्हा घडण्याची सगळी तयारी आहे. या माणसाने मेटफॉर्मिन बंद करावे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याने डॉक्टरांना सांगून ब-१२ची तपासणी करून घ्यावी, एवढाच अर्थ आहे. ब-१२ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे. दुकानात मिळणारी गोळी दीड हजार मायक्रोग्रॅमची असते, कारण तोंडावाटे मोठ्या मात्रेतला अगदी थोडा अंशच शोषला जातो. कमतरता आढळली तर गोळी पुरेल की सुई घ्यावी आणि किती काळ, हे डॉक्टर ठरवतील. ब-१२ किंवा लोह कमी असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, खऱ्याहून जास्त दिसू शकते, हेही त्यांच्या कानावर घालावे.

पायाला मुंग्या आल्या की औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ आणायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. तिच्यात ब-१२बरोबर बहुधा ब-६ही असते. ब-६ची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा सात माणसांची हकिकत प्रसिद्ध केली, जी रोज काही ग्रॅम ब-६ घेत होती. त्यांचे हातपाय बधीर झाले होते, चालताना तोल जात होता. पुढे त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही असा त्रास नोंदला गेला आणि २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी रोजची सुरक्षित मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे बधिरपणावर घेतलेली गोळी अतिरेक झाल्यास बधिरपणाच आणू शकते आणि रोगी ‘गुण येत नाही’ म्हणून ती वाढवत नेतो. पाकिटावर ‘पायरिडॉक्सिन’ असा शब्द दिसला, तर त्यापुढचा आकडा वाचावा. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांत तो असेल तर बेरीज करावी.

मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झालेल्यांनी तर अधिकच जपायला हवे. कॅनडात अशा २३८ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली आले. अर्ध्यांना रोज फॉलिक आम्ल २.५ मिलिग्रॅम, ब-६ २५ मिलिग्रॅम आणि ब-१२ एक मिलिग्रॅम दिले. मूत्रपिंडे वाचतील अशी आशा होती. उलट जीवनसत्त्वे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे अधिक वेगाने खालावली आणि हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटनाही त्यांच्यात जास्त घडल्या. ‘ब-गटाच्या गोळ्या निरुपद्रवी असतात, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते’ हे आपल्याकडचे सार्वत्रिक मत आहे. पण निघून जाण्याची वाटच जिथे दुखावली आहे, तिथे ते मत टिकत नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी. त्याची कमतरता आपल्याकडे खरोखरच पुष्कळ आढळते आणि डॉक्टर साठ हजार एककांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायला देतात. रोजची गरज साधारण सहाशे एककांची असते. आठवड्याची पुडी गैरसमजाने रोज घेतली गेली, किंवा आठ आठवड्यांचा उपचार संपल्यावरही वर्षभर चालू राहिली, तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा असा क्रम लागतो. मधुमेह असलेल्या घरात तहान आणि लघवी ही साखर वाढल्याचीच खूण समजली जाते, त्यामुळे खरे कारण नजरेआड राहते. आणि ड जीवनसत्त्वाने मधुमेह टळतो का? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांवर ही परीक्षा झाली. रोज चार हजार एकके घेऊनही मधुमेह होण्याचे प्रमाण निश्चितपणे घटल्याचे २०१९ सालच्या निष्कर्षांत दिसले नाही. कमतरता असेल तर ड घ्यावे. मधुमेहावरचे औषध म्हणून घेऊ नये.

तपासण्यांमध्ये लुडबुड करणारी दोन जीवनसत्त्वेही लक्षात ठेवावीत. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही साखरमापक यंत्रे खऱ्याहून जास्त आकडा दाखवतात. दंडाला लावायच्या काही सेन्सरांच्या सूचनापत्रकांत रोज ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क घेऊ नये असे लिहिलेले असते. तो चुकीचा आकडा पाहून इन्सुलिन वाढवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला. रक्त देण्यापूर्वी ती गोळी किती दिवस थांबवायची, हे तपासणी केंद्रात विचारून घ्यावे. शिवाय पातळ टॉनिके, चघळायच्या गोळ्या आणि ‘ताकदीच्या’ पावडरी यांत साखर असू शकते. वेष्टनावर ती कुठे आणि किती लिहिली आहे, ते चष्मा लावून पाहावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. तुमच्या-आमच्या प्रत्येक कुटुंबात त्यातले कोणी ना कोणी आहे. परदेशातली मुले सुट्टीला येताना जीवनसत्त्वांच्या मोठाल्या बाटल्या आणतात, शेजारी आपल्याला गुण आलेली गोळी सुचवतात, दुकानदार ‘नवीन आली आहे’ म्हणून पुढे करतो. त्यामागे माया असते. पण ती बाटली आपल्या मूत्रपिंडांची स्थिती, आपल्या मेटफॉर्मिनची वर्षे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही हे जाणत नाही. वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्याने तर के किंवा ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करूच नये.

म्हणून एक साधे काम सुचवतो. या आठवड्यात घरातल्या मधुमेही माणसाच्या सगळ्या गोळ्या, पुड्या, टॉनिके आणि पावडरी एका ताटात काढा. एका कागदावर प्रत्येकाचे नाव, त्यातली जीवनसत्त्वे, त्यांची मात्रा, कधी सुरू केली आणि कोणी सांगितली, हे लिहा. एकच जीवनसत्त्व दोनदा आले असेल तिथे खूण करा. खाली तीन प्रश्न लिहा : मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे? ब-१२ शेवटचे कधी तपासले? मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली आणि काय निघाली? तो कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा. अ जीवनसत्त्वाच्या चमच्यापुढे जी नोंद ठेवली गेली, तिचेच हे घरगुती रूप आहे. आणि दुपारच्या जेवणातली ताकाची वाटी, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी यांना मात्र या कागदावर लिहिण्याची गरज नाही. ती ताटात असू द्या.